स्वतः खणलं म्हणजे फुकट?

ऑनलाइन गेममध्ये दुकान मांडून बसलेल्या लोकांत एक टिंगलीचं वाक्य वर्षानुवर्षं चालत आलंय : "मी स्वतः खणलेली खनिजं मला फुकट पडतात." हे वाक्य नवशिक्या बोलतो आणि जुने खेळाडू हसतात. हसणाऱ्यांमध्ये माझ्यासारखे सॉफ्टवेअरवाले पुष्कळ. आम्हाला एक्सेलची शीट उघडून दुसऱ्याला वेड्यात काढायला फार आवडतं. या लेखाचा रोख त्या हसण्यावर आहे.

आधी ज्यांनी हे खेळ खेळलेले नाहीत त्यांच्यासाठी थोडक्यात. 'ईव्ह ऑनलाइन' हा अंतराळातल्या व्यापाराचा आणि मारामारीचा खेळ २००३ पासून चालू आहे. त्यात जहाजं, तोफा, दारूगोळा, जवळजवळ सगळा माल खेळाडूच बनवतात. कोणीतरी लघुग्रहांच्या पट्ट्यात जाऊन दगड फोडतं, त्यातून खनिजं काढतं, त्या खनिजांचं जहाज बनतं आणि ते बाजारात विकायला लागतं. चलनाचं नाव इस्क. बाजार इतका खरा की, तो चालवणाऱ्या आइसलँडच्या कंपनीने २००७ मध्ये चक्क एक अर्थशास्त्रज्ञ नोकरीवर ठेवला.

आता समजा, एका लहान जहाजाला लागणारी खनिजं तशीच विकली तर पाच लाख इस्क येतात, आणि आपला नवशिक्या तयार जहाज साडेचार लाखांना मांडतो. कोणी विचारलं, "तोट्यात का विकतोस बे?" तर म्हणतो, "तोटा कुठला? खनिजं मी खणली, फुकट पडली. आले ते साडेचार लाख नफाच की." जुना खेळाडू ते जहाज गुपचूप उचलतो, पाच लाखांच्या वर पुन्हा मांडतो आणि मग त्या पोराला अर्थशास्त्र शिकवायला बसतो. ऑपॉर्च्युनिटी कॉस्ट, म्हणजे हातातली वस्तू एका कामाला लावली की दुसरीकडे तिचं जे मिळालं असतं त्यावर पाणी सोडावं लागतं, ती किंमत. खनिजं एका क्लिकवर पाच लाखांना विकली जात होती. त्याने ती वितळवून, जोडून, पन्नास हजारांनी स्वस्त केली.

इथपर्यंत वाद नाही. खनिजांच्या बाबतीत जुन्या खेळाडूचं बरोबर आहे.

पण तो इथे थांबत नाही. पुढचं वाक्य हमखास येतं : "तुझ्या वेळेला काही किंमत आहे की नाही?" आणि ही उडी कोणाच्या लक्षात येत नाही. खनिजांना बाजार होता म्हणून त्यांना किंमत होती. त्या पोराच्या संध्याकाळच्या दोन तासांना कुठला बाजार होता? कोण उभं होतं ते घ्यायला? खनिजांचा भाव बाजारात दिसत होता. तासाचा भाव उपदेश करणाऱ्याने स्वतःच्या पगारावरून काढला.

हा पगाराचा हिशेब माझ्या टीममधले लोक जेवणाच्या टेबलावर करतात, म्हणून मला पाठ आहे. वर्षाला बारा लाख, कामाचे साधारण दोन हजार तास, म्हणजे तासाला सहाशे रुपये. मग निष्कर्ष : जे काम करून तासाला सहाशे वाचत नाहीत ते स्वतः करणं मूर्खपणा. भांडी बाईला द्या, भाजी ॲपवरून मागवा, गेममधलं सोनं खणण्यापेक्षा विकत घ्या. ऐकायला झकास. फक्त एक विचारावं, रविवारी रात्री अकरा वाजताचा तास सहाशेला कोण घेतं? कंपनीने माझे आठवड्यातले ठरावीक तास घेतले, तिथे सौदा संपला. उरलेल्यांना गिऱ्हाईक नाही. उलट त्या ठरावीक तासांच्या वर रोज जो एखादा तास जास्त जातो, रिलीजच्या आठवड्यात तीन-चार जातात, त्यांचे किती मिळाले? सहाशेचा भाव सांगणारा माणूस रोजचा दहावा तास शून्याला देतो आणि गेममध्ये खणणाऱ्या पोराला वेळेची किंमत शिकवतो.

माझं म्हणणं सरळ आहे. तासाचा भाव माणसाच्या अकलेवर ठरत नाही. त्या तासाला त्याच्यासमोर दुसरं कुठलं दार उघडं आहे, त्यावर ठरतो. ज्याच्यासमोर दुसरं दार नाही त्याचा तास स्वस्त असतो आणि हे त्याला आपल्यापेक्षा नीट कळतं. "त्याला स्वतःच्या वेळेची किंमत कळत नाही" हे वाक्य म्हणूनच मला खटकतं. त्यात दार कोणी बंद केलं हा प्रश्न पुसला जातो आणि दोष आत बसलेल्याच्या डोक्यावर येतो.

गेमच्या जगात याचे पुरावे पंचवीस वर्षांपासून पडलेत. २००१ मध्ये एडवर्ड कॅस्ट्रोनोव्हा या अमेरिकन अर्थशास्त्रज्ञाने 'एव्हरक्वेस्ट' या खेळातल्या वस्तू बाहेर डॉलरमध्ये कितीला विकल्या जातात ते पाहून खेळाडूच्या एका तासाची कमाई काढली. ती आली ३ डॉलर ४२ सेंट. त्या काल्पनिक देशाचं दरडोई उत्पन्न रशिया आणि बल्गेरियाच्या मध्ये कुठेतरी बसत होतं. लोकांना याची मजा वाटली, पेपरात बातम्या आल्या. अमेरिकन विद्यार्थ्याला ३ डॉलर ४२ सेंट म्हणजे खेळता खेळता सुटे पैसे.

सहा वर्षांनी, २००७ मध्ये, ज्युलियन डिबेल या पत्रकाराने चीनच्या नानजिंगमधल्या एका कारखान्यावर लिहिलं. कारखाना म्हणजे एक खोली, कॉम्प्युटरची रांग आणि बारा-बारा तासांच्या पाळीत 'वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट'मधले राक्षस मारून सोनं गोळा करणारी पोरं. महिन्यातून दोन-तीन रात्री सुट्टी. मजुरी तासाला साधारण ३० सेंट. तेच सोनं मधल्या दलालांच्या हातून जात जात अमेरिकन गिऱ्हाइकाला कित्येक पटींनी महाग मिळे. राक्षस तेच, सोनं तेच, एका तासात मरणारे राक्षसही तेवढेच. नानजिंगच्या पोराला वेळेची किंमत कळत नव्हती म्हणून त्याला ३० सेंट मिळत होते, असं कोणी म्हणेल? त्याला ती सेंटपर्यंत पाठ होती.

पुढे व्हेनेझुएलात चलन कोसळलं तेव्हा तिथली पोरं 'रूनस्केप'मध्ये हिरवे ड्रॅगन मारायला लागली. ड्रॅगनची हाडं आणि कातडं विकायचं, सोनं करायचं, सोन्याचे डॉलर करायचे, डॉलरचं घरात पीठ आणायचं. हे ड्रॅगन खेळाच्या अशा भागात राहतात जिथे एक खेळाडू दुसऱ्याला मारून त्याचा माल लुटू शकतो. २०१७ मध्ये रेडिटवर व्हेनेझुएलाच्या खेळाडूंना कुठे गाठायचं आणि कसं मारायचं याचं सविस्तर मार्गदर्शन फिरलं. कारण काय, तर हे लोक हाडांचा भाव पाडतात. भाव पडत असेलही. पण ज्याचा मिनिमम वेज त्याच्या देशातच मातीमोल झाला, त्याच्यासमोर ड्रॅगन हेच सगळ्यात चांगलं उघडं दार होतं. हे समजायला अर्थशास्त्र लागत नाही.

हे सगळं मला एवढं झोंबायचं कारण मी सोलापूरचा आहे, पूर्व भागातला. आमच्याकडे दुपारी कुठल्याही बोळातून गेलात तर उंबऱ्यावर, जिन्यावर, पत्र्याच्या सावलीत बायका मांडीवर सूप घेऊन विड्या वळताना दिसतील. बहुतेक घरी तेलुगू बोललं जातं, बाहेर मराठी. कुंभारीला ज्यांच्यासाठी दहा हजार घरांची गोदूताई परुळेकर वसाहत उभी राहिली, त्या या बायका. २००६ मध्ये त्या घरांच्या चाव्या द्यायला पंतप्रधान मनमोहनसिंग आले होते आणि त्यामागे आडम मास्तरांची वर्षानुवर्षांची चळवळ होती, हे सोलापूरकराला सांगायला नको.

विडीचा व्यवहार असा. कारखान्यातून तेंदूची पानं, तंबाखू आणि दोरा घरी आणायचा. पानं भिजवायची, ओल्या फडक्यात ठेवायची, साच्यावर धरून कात्रीने कापायची, तंबाखू भरून वळायची, दोरा बांधायचा, तोंड मुडपायचं, जुड्या बांधायच्या. दुसऱ्या दिवशी कारखान्यात नेऊन द्यायच्या, रांगेत बसायचं. तिथला माणूस तपासतो आणि नापसंत विड्या बाजूला काढतो. त्याला छाट म्हणतात. छाटीतल्या विडीचे पैसे नाहीत. पानं फाटकी, किडकी निघाली आणि दिलेल्या मापात हजार बसल्या नाहीत तर कमी पडलेली पानं बाईने स्वतःच्या पैशाने आणायची. दर हजाराला.

आमच्या शेजारच्या अक्कांना मी एकदा, नोकरीत नवा नवा असताना, इंजिनिअरच्या थाटात विचारलं होतं, "अक्का, तासाला किती पडतात?" त्यांनी मान वर न करता सांगितलं, "तासाला कोण देतंय रे? हजाराला देतेत."

गेममध्ये कमाईचं एकच माप चालतं, तासाला किती सोनं. त्याचे तक्ते असतात, कॅल्क्युलेटर असतात. पण हे तक्ते बनतात निर्दोष तासावर : हात थांबला नाही, मधे कोणी मारलं नाही, माल आधीच गोदामात आहे आणि विकायला ठेवताक्षणी विकला गेला. माल वाहून नेण्यातली पंचवीस मिनिटं, भाव बघण्यातली पंधरा मिनिटं, कोणीतरी एक पैशाने खाली मांडला म्हणून पुन्हा पुन्हा भाव बदलण्यातली घालमेल, यातलं काही तक्त्यात नसतं. ज्याने महिनाभर खरं घड्याळ लावून बघितलंय त्याला विचारा, तक्त्यातल्या आकड्याचा निम्मा हाती आला तरी तो खूश असतो.

हजाराच्या दरात नेमकं हेच होतं. विडी वळण्याचे तास मोजायचे तर एक वेळ मोजता येतील. पानं भिजवण्याचे? कात्री चालवण्याचे? कारखान्याच्या रांगेत बसण्याचे? छाटीत गेलेल्या विड्या वळण्याचे? आणि शाळेतून आल्यावर जुड्या बांधायला बसलेल्या पोरीचे? दर वस्तूवर ठेवला की हे तास कुणाच्याच वहीत येत नाहीत. मालकाला घड्याळ बघावं लागत नाही, इतकं सोपं आहे ते.

यावर आपल्याकडे तयार उत्तर आहे : बसल्या बसल्या होतंय की. टीव्ही बघत, गप्पा मारत, पोराकडे बघत होतंय. घरातलं घरात. जे मिळतील ते वरचे. हे उत्तर मी विडीच्या बाबतीत ऐकलंय, शेवया-पापड-कडक भाकरीच्या बाबतीत ऐकलंय, घरी फॉल-पिको करणाऱ्या काकूंच्या बाबतीत ऐकलंय. आणि शब्दशः तेच गेममध्ये ऐकलंय. खणणारा म्हणतो, दुसऱ्या स्क्रीनवर क्रिकेट बघत खणतो, मला काय त्रास? ठीक आहे, त्रास नाही. पण मग ती मजा कोणाच्या खिशात गेली ते बघू. खणणं निवांत आहे म्हणून दहा हजार लोक खणायला येतात. खनिजाचा भाव पडतो. स्वस्त खनिजावर जहाज बनवणारा कमावतो, ते जहाज घेऊन लढणारा वाचवतो. निवांतपणाची किंमत खणणाऱ्याच्या कमाईतून वजा झाली आणि घेणाऱ्याला सूट म्हणून मिळाली. अक्कांच्या घरी लागलेल्या मालिकेचंही तेच. टीव्ही त्यांचा, वीजबिल त्यांचं, भिंतीला तंबाखूचा वास लागलेलं घर त्यांचं. कारखान्याला शेड बांधावी लागली नाही, पंखा लावावा लागला नाही, आणि वर ऐकायला मिळतं की घरबसल्या मिळतंय.

हा "घरबसल्या" शब्द किती महाग पडतो याचा एक कज्जा खुद्द सर्वोच्च न्यायालयात चालला आणि तो मुद्दाम सांगण्यासारखा आहे. विडी कामगार केव्हाही येतो, केव्हाही जातो, नगावर पैसे घेतो, मग तो कामगार कसला, असं मालकांचं म्हणणं. १९६० च्या डिसेंबरात नागपूरच्या बिरदीचंद शर्मा खटल्यात न्यायालयाने ते फेटाळलं : तयार विडी नापसंत करायचा अधिकार मालकाकडे आहे, या कामाला एवढी देखरेख पुरते, तेव्हा हे कारखाना कायद्याखालचे कामगारच. आणि वर्षभराच्या आत, १९६१ मध्ये, शंकर बालाजी वाजे विरुद्ध महाराष्ट्र राज्य या खटल्यात त्याच न्यायालयाच्या बहुमताने दुसऱ्या एका विडी वळणाऱ्याबद्दल उलट म्हटलं. तो पाहिजे तेव्हा येऊ शकत होता, पाहिजे तेव्हा जाऊ शकत होता, म्हणून तो कायद्याच्या अर्थाने कामगार नाही, आणि म्हणून त्याला रजेचा पगार नाही. म्हणजे वेळ तुझा तूच मोकळेपणी वापरतोस ना, मग त्याचे पैसे कसले? खणलेलं फुकट पडतं म्हणणाऱ्या पोरावर हसणाऱ्यांनी हा निकाल वाचावा. फरक इतकाच की तिथे "तुझा वेळ फुकट आहे" हे दुसऱ्याने ठरवून दिलं.

मग १९६६ मध्ये विडी आणि सिगार कामगारांसाठी वेगळा कायदा आला. त्याने घरी बसून वळणाऱ्यांनाही कामगार मानलं आणि त्याखालच्या नियमांनी छाट सर्वसाधारणपणे पाच टक्क्यांच्या वर काढायची नाही असं लिहून ठेवलं. 'छाट' हा शब्द इंग्रजी नियमांत जसाच्या तसा आहे. मालक पुन्हा न्यायालयात गेले आणि १९७४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हा कायदा उचलून धरला. कागदावरचं आणि रांगेतलं यात किती अंतर आहे ते रांगेत उभ्या असलेल्या बाईला विचारा. पण मुद्दा माझ्या कामाचा आहे : अक्कांच्या तासाला जी काही थोडी किंमत आली ती कोणी त्यांना ऑपॉर्च्युनिटी कॉस्ट समजावून सांगितल्याने आली नाही. मोर्चे निघाले, कायदा झाला, खटले लढले गेले, तेव्हा आली.

आता माझ्याच बिरादरीचा एक मुद्दा घेतो, नाहीतर म्हणाल गरिबीचीच गोष्ट सांगतोय. 'रूनस्केप'च्या बाजारात एक चमत्कार रोज दिसतो. पुष्कळ वेळा तयार माल कच्च्या मालापेक्षा स्वस्त असतो. कातडं अमुक किमतीचं, त्याचं शिवलेलं चिलखत त्याहून कमी किमतीचं. हे कसं? कारण शिवणाऱ्याला चिलखत विकायचं नसतंच, त्याला शिवण्याचा अनुभव हवा असतो. खेळात अनुभवाचे गुण मिळतात, गुणांनी पातळी वाढते, शेवटच्या ९९ व्या पातळीला १,३०,३४,४३१ गुण लागतात. (९२ व्या पातळीवर पोचलात की रस्ता अर्धा झाला असं म्हणतात आणि ते गणिताने खरं आहे. शेवटच्या सात पायऱ्या आधीच्या एक्याण्णवांएवढ्या.) तेव्हा लाखो खेळाडू पैसे घालून शिवतात आणि पडेल भावात चिलखतं फुंकून टाकतात. अनुभवासाठी शिवणारे इतके आहेत की पोट भरायला शिवणारा त्या बाजारात उभाच राहू शकत नाही.

इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला बसलेल्या कोणत्याही पोराला हे चिलखत ओळखीचं वाटेल. बिनपगारी इंटर्नशिप : अनुभव मिळेल. आयटीतला फ्रेशरचा पगार दहा-पंधरा वर्षं साडेतीन लाखांच्या आसपास खिळून बसलाय, पुणं मात्र तेवढं खिळून बसलेलं नाही : अनुभव मिळेल. माझ्या पहिल्या कंपनीने दोन वर्षांचा बाँड लिहून घेतला होता, सोडलं तर पैसे भरा. शिकवलं काय, तर तीन महिने बाकावर बसवून ठेवलं. खेळातला अनुभव निदान आकड्यात दिसतो आणि तुम्ही खेळ बदलला नाही तोवर तो कोणी काढून घेत नाही. आणि कातडं शिवणारा स्वखुशीने तोटा खातो, कारण त्याला घरी जेवण आहे. ज्याला नाही, त्याने त्याच बाजारात, त्याच भावाला, त्याच्याशी स्पर्धा करायची. साहित्याचं क्षेत्र यात फार मागे नाही. या लेखाच्या चार रात्री कुठल्या वहीत लिहायच्या ते मला माहीत नाही, पण मी टीव्ही बघत लिहिलेला नाही.

मग तासाला किंमत कुठून येते? गेमनेच याचं एक चांगलं उत्तर देऊन ठेवलंय. चांगल्या चालणाऱ्या बहुतेक खेळांत एक ठरलेलं दार असतं जे बंद होत नाही. ईव्हमध्ये संगणकाने सोडलेले समुद्री चाचे मारले की ठरलेलं बक्षीस मिळतं. कोणी खेळाडू माल घ्यायला असो वा नसो. रूनस्केपमध्ये एक मंत्र आहे, कोणत्याही वस्तूचं तिच्या मूळ मूल्याच्या ६० टक्के सोनं करून देणारा. त्या खाली त्या वस्तूचा भाव फारसा जातच नाही. गेला की लोक विकत घेऊन मंत्र मारतात. ही जमीन आहे. खणण्याची कमाई चाचे मारण्याच्या कमाईपेक्षा फार खाली गेली की खणणारे उठून चाचे मारायला जातात, खनिज कमी पडतं, भाव वर येतो. कोणालाही वेळेचं महत्त्व समजावून सांगावं लागत नाही.

हीच जमीन महाराष्ट्राने प्रत्यक्षात घालून पाहिली आहे. विधान परिषदेचे सभापती वि. स. पागे यांच्या डोक्यातून आलेली रोजगार हमी योजना १९७२ च्या दुष्काळात राज्यभर पसरली आणि १९७७ मध्ये तिचा कायदा झाला : काम मागेल त्याला काम, ठरलेल्या मजुरीने. पुढे देशाने ती उचलली. तिच्या अंमलबजावणीतली भोकं सगळ्यांना माहीत आहेत, मी ती झाकत नाही. पण माझ्या आजोळी, मोहोळच्या बाजूला, बागायतदारांची एक तक्रार मी लहानपणापासून ऐकत आलोय : रोहयोने मजूर माजले, बोलावलं तर येत नाहीत, भाव सांगतात. हे गाऱ्हाणं म्हणजे त्या योजनेला मिळालेलं सगळ्यात प्रामाणिक प्रशस्तिपत्र आहे. दुसरं दार उघडलं तेव्हा मजुराला भाव सांगता आला. काल त्याला वेळेची किंमत कळत नव्हती आणि आज कळली, असं झालं नाही.

सोलापूर शहरात, पत्र्याच्या सावलीत, हे दार नव्हतं. रोहयो खेड्यांसाठी. गिरण्यांचे भोंगे बंद झाले, यंत्रमागाच्या शेडमध्ये लहान पोर घेऊन जाता येत नाही, तेव्हा सूप मांडीवर.

आणि जे लोक वेळेचा भाव खरोखर जाणतात ते उपदेश करत नाहीत, दुकान लावतात. 'क्लॅश ऑफ क्लॅन्स' खेळणाऱ्या कोणालाही विचारा. बांधकाम पूर्ण व्हायला वेळ लागतो, थांबायचं नसेल तर हिरवी रत्नं द्या, रत्नं खऱ्या पैशांची. अनेक वर्षं तिथला भाव असा होता : एक तास वगळायला २० रत्नं, एक दिवस वगळायला २६०, आठवडा वगळायला १०००. भागाकार करा. सुटा तास २० ला, दिवसातला तास ११ ला, आठवड्यातला ६ ला. घाऊक घेतला तर तास स्वस्त. हा किराणा दुकानाचा हिशेब आहे आणि विकायला ठेवलाय आपलाच संयम. आधी बांधकाम आठवडाभर लांबवलं ते त्यांनीच. ब्लिझर्डने २०१५ मध्ये 'वॉरक्राफ्ट'मध्ये टोकन आणलं : ज्याच्याकडे पैसे आहेत त्याने २० डॉलर भरून टोकन घ्यायचं आणि खेळातल्या सोन्याला विकायचं, ज्याच्याकडे वेळ आहे त्याने सोनं जमवून ते घ्यायचं आणि महिनाभर फुकट खेळायचं. नानजिंगच्या खोलीला उत्तर म्हणून हे शहाणपणाचंच होतं. मात्र आता पैसेवाल्याच्या आणि वेळवाल्याच्या मध्ये जो दलाल होता त्याच्या जागी कंपनी बसली. आपल्याकडे २०२५ च्या ऑगस्टमध्ये पैसे लावून खेळायच्या गेमवर बंदीचा कायदा झाला. वेळ लावून खेळायच्या गेमवर त्यात बंदी नाही, असायला पाहिजे असंही मी म्हणत नाही. नोंद करून ठेवतो.

माझे मित्र म्हणतील, मग काय शीट फेकून द्यायची? मुळीच नाही. शीट मला प्रिय आहे. पण तासाच्या रकान्यात पगार भागिले दोन हजार लिहिणं बंद केलंय. त्या रात्री, त्या खेळात, माझ्या त्या जहाजाने दुसरं काय करता आलं असतं आणि त्याचे किती मिळाले असते, तेवढंच लिहितो. खणलं तर चाचे मारण्याची कमाई लिहितो. चाचे मारले तर वाहतुकीची. आकडा सहाशेच्या जवळपासही येत नाही. रुपयात मांडला तर चहाच्या आसपास. आणि साडेचार लाखांना जहाज मांडणारा पोरगा दिसला तर त्याला खनिजांचा चालू भाव पाठवतो. त्याच्या वेळेबद्दल त्याला काही सांगत नाही.